मृत्यूची नोंद आहे, आजाराची नाही

जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदणीसाठी १९६९ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या आठव्या कलमात खबर देण्याची जबाबदारी कोणावर, याची एक लांबलचक यादी आहे. घरात मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने, रुग्णालयात झाला तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने, तुरुंगात झाला तर तुरुंगाधिकाऱ्याने आणि धर्मशाळा, वसतिगृह, सराई, फार काय ताडीचे दुकान, अशा जागी झाला तर त्या जागेच्या प्रमुखाने ती द्यावयाची असते. कायदा करणाऱ्यांनी ताडीच्या दुकानाचाही विचार केला, ही त्यांची दूरदृष्टी मान्य केली पाहिजे. वृद्धाश्रम या यादीत नावानिशी नसला तरी तो तिच्या कक्षेत येतो, आणि तेथे कोणी दगावले तर २१ दिवसांच्या आत नोंद होतेही. कारण दाखल्याशिवाय वारसांची पुढची कामे अडतात. परंतु त्याच वृद्धाश्रमातील एका दालनात आठ खाटांपैकी तीन खाटांवरची माणसे दोन दिवसांत तापाने आणि खोकल्याने आडवी झाली, तर ते कोणी, कोणाला आणि किती वेळात कळवायचे, आणि कळवल्यावर कोणी धावून यायचे, याचे स्पष्ट उत्तर व्यवस्थापकाला बांधील करणाऱ्या कोणत्याही नियमात सहजासहजी सापडत नाही. मृत्यूची खबर सक्तीची आहे. ज्या आजारातून तो मृत्यू ओढवतो, त्याची खबर मात्र ज्याच्या त्याच्या सद्‌बुद्धीवर सोपवलेली आहे.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांनी या प्रश्नाकडे विशेष गांभीर्याने पाहावे, अशी परिस्थिती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते; ते आता निश्चितच वाढले आहे. मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील दोन खोल्यांच्या घरांत या वाढत्या वार्धक्याला जागा उरलेली नाही. मोकळी हवा, स्वस्त जमीन आणि शहरापासून दोन-तीन तासांचे अंतर यांमुळे नाशिक महामार्गाच्या आणि कल्याण-मुरबाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना वृद्धांच्या निवासाच्या संस्था उभ्या राहणे स्वाभाविकच आहे. तानसा आणि भातसा या जलाशयांचे पाणी शहापूरच्या डोंगरांतून मुंबईकडे जाते आणि मुंबईचे वार्धक्य उलट दिशेने इकडे येते, असे म्हटले तर ती केवळ अतिशयोक्ती ठरू नये. प्रश्न एवढाच, की पाणी मोजून घेणाऱ्या महानगराने आपली म्हातारी माणसे ज्या आरोग्ययंत्रणेच्या भरवशावर सोडली आहेत, ती यंत्रणा त्यांना मोजते काय?

सोरगावचा धडा

या दृष्टीने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोरगाव येथे घडलेली घटना पुन्हा आठवली पाहिजे. सोरगाव भिवंडी तालुक्यात, खडवलीच्या परिसरात आहे. खडवलीच्या पुढचे रेल्वे स्थानक वाशिंद, म्हणजे शहापूर तालुकाच. तेथील मातोश्री वृद्धाश्रमात काही रहिवाशांना ताप आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी करोनाची चाचणी करून घेण्याचे सुचवले. शंभराहून अधिक जणांच्या चाचण्या झाल्या आणि महिनाअखेरीस साठाहून अधिक माणसे बाधित असल्याचे उघड झाले. त्यांत कर्मचारी होते, त्यांच्या घरची माणसे होती आणि दीड वर्षाची एक मुलगीही होती. बाधित वृद्धांपैकी बहुतेकांनी लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या होत्या. चाळीसहून अधिक जणांना मधुमेह, रक्तदाब यांसारख्या सहव्याधी होत्या, तर कित्येकांना कोणतेही लक्षण नव्हते. सर्वांना ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात हलवण्यात आले, काही नमुने जनुकीय तपासणीसाठी गेले आणि सोरगाव प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनला नुकतेच, २६ नोव्हेंबरला, चिंताजनक प्रकारांत घातले होते. त्यामुळे या बातमीला देशभर प्रसिद्धी मिळाली.

या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात आणि ते परस्परविरोधी वाटले तरी दोन्ही खरे आहेत. पहिला असा की, खबर वर पोहोचली म्हणून यंत्रणा हलली. आश्रमाने आजार दडवला नाही, डॉक्टरांनी साधा ताप म्हणून तो सोडून दिला नाही आणि जिल्ह्याने रुग्णवाहिका पाठवल्या. दुसरा असा की, पहिला ताप आणि सामूहिक चाचणी यांच्या दरम्यान सुमारे आठवडा गेला आणि तेवढ्या अवधीत निम्म्याहून अधिक आश्रम बाधित झाला. शिवाय त्या वेळी सारा जिल्हा युद्धपातळीवर होता. मार्च २०२० मध्ये राज्याने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली जी नियमावली केली होती तिचा अंमल चालू होता, चाचण्यांची केंद्रे उघडी होती आणि प्रत्येक तापाकडे संशयाने पाहिले जात होते. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने निर्बंध उठवले आणि मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणीही संपल्याचे घोषित झाले. ते योग्यच झाले. परंतु विषाणूंनी तेवढ्याने आपले व्यवहार आवरते घेतले नाहीत. २०२३ च्या आरंभी एच३एन२ या फ्लूने राज्याला पुन्हा जागे केले. उद्या डोळखांब, किन्हवली किंवा धसई यांच्या जवळपास एखाद्या वृद्धाश्रमात फ्लूची साथ आली, तर ती सोरगावइतक्या तरी तत्परतेने कोणाच्या लक्षात येईल, असे मानण्यास आधार नाही.

दोन रुग्ण, बहात्तर तास

श्वसनमार्गाची साथ वृद्धाश्रमात वेगाने का पसरते, याचे कारण गूढ नाही. एकाच दालनात अनेक खाटा, एकत्र जेवण, एकच दूरचित्रवाणी संच आणि सर्वांना उठवणारे, आंघोळ घालणारे, भरवणारे तेच दोन हात. रोग खाटेवरून खाटेवर स्वतःच्या पायांनी जात नाही; बहुधा तो सेवा करणाऱ्याच्या हातांवरून आणि श्वासातून जातो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात २०२० च्या फेब्रुवारीत जी साथ उसळली, तिच्यात १८ मार्चपर्यंत १६७ जण बाधित झाले: १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ अभ्यागत. बाधित रहिवाशांपैकी सुमारे एक-तृतीयांश दगावले. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत लक्षणे असूनही कामावर येणारे आणि एकाहून अधिक संस्थांत राबणारे कर्मचारी हे एक ठळक कारण होते. श्रीमंत देशातील परिचारिकेला जर रजेचा दिवस परवडत नव्हता, तर रोजंदारीवर काम करणाऱ्या आमच्या आदिवासी पाड्यावरच्या मावशीने खोकला लागताच घरी बसावे, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? तिच्या आजारपणाचा रोज बुडू न देणे ही दया नव्हे, तो रोगप्रतिबंधाचा उपाय आहे.

दुसरी अडचण रोग ओळखण्याची. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला म्हणजे त्याला ताप भरलाच पाहिजे असे नाही. तो जेवण टाकतो, एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, उठताना पडतो, दिवसभर ग्लानीत राहतो. घरचे माणूस हा बदल चटकन ओळखते; चाळीस जणांची व्यवस्था पाहणाऱ्याला तो वयाचा परिणाम वाटतो. पुढे मृत्यूच्या नोंदीतही ‘वार्धक्य’ हा एकच शब्द उरतो. देशात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. एकाच महिन्यात एका छपराखाली चार माणसे वार्धक्याने गेली, तर ती चार मरणे नसून कदाचित एकच साथ होती, असा प्रश्न विचारणारा कोणी राहत नाही.

म्हणून अन्य देशांनी या बाबतीत माणसाच्या अंदाजावर न विसंबता आकडा ठरवून टाकला आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सूचनेप्रमाणे शुश्रूषागृहात ७२ तासांच्या आत दोन रहिवासी आजारी पडले आणि त्यांपैकी एकाला फ्लू असल्याचे तपासणीत ठरले, की ती साथ मानावयाची. इंग्लंडमध्ये पाच दिवसांत परस्परसंबंध असलेले दोन रुग्ण आढळले की स्थानिक आरोग्य पथकाला कळवायचे असते. दोन हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु दोनाला कळवले तर दहा वाचतात आणि दहाला कळवले तर फक्त मोजणी होते, हे सोरगावने दाखवून दिले आहे.

लवकर कळवण्याचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी करील. फ्लूच्या बाबतीत तो अगदी रोकडा आहे. ऑसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत दिले तर अधिक गुणकारी ठरते, आणि एच१एन१ साठी केंद्र सरकारने केलेल्या वर्गवारीत ६५ वर्षे व त्यावरील व्यक्तींना तपासणीच्या निष्कर्षाची वाट न पाहता ते सुरू करण्याची तरतूद आहे. म्हणजे औषध आहे, त्याचा नियमही आहे. ते योग्य खाटेपर्यंत वेळेत नेणारी खबर तेवढी नाही. फ्लूची लस केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात अद्याप नसल्यामुळे या खबरीचे महत्त्व अधिकच वाढते.

कोंबड्यांना जे मिळाले

आपल्याकडे असे काही करणे शक्य नाही, असे मानण्याचे कारण नाही. शहापूर तालुक्यानेच ते करून दाखवले आहे. मात्र माणसांच्या बाबतीत नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेहळोली येथील एका कुक्कुटपालन केंद्रात सुमारे शंभर पक्षी अकस्मात मरण पावले. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचे निदान झाले, एक किलोमीटरचे वर्तुळ आखले गेले आणि त्यातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचा निर्णय झाला. एवढी शिस्त आली कोठून? २००९ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित रोगाचा संशय येताच जनावराच्या किंवा पक्ष्याच्या मालकाने, अथवा ते ज्याच्या ताब्यात असेल त्याने, गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी सोसतात. थोडक्यात, कर्तव्य ठरलेले आहे, पत्ता ठरलेला आहे आणि प्रामाणिकपणे कळवणारा अगदीच बुडणार नाही याची सोयही केलेली आहे.

ही तुलना कटू आहे, पण ती टाळण्याचे कारण नाही. कोंबडीला बाजारात किंमत आहे म्हणून तिच्या मरणाची दखल घेणारी साखळी तयार झाली. म्हाताऱ्याला ती नाही म्हणून झाली नाही, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे? अर्थात दोन्हींतील फरकही विसरता कामा नये. तेथे खबरीचा शेवट नाशात होतो, येथे तो उपचारात व्हायला हवा. वर्तुळ आखून गाव बंद करणे ही पक्ष्यांच्या साथीची रीत वृद्धाश्रमाला जशीच्या तशी लावली, तर खबर देणाऱ्याच्या पदरी गावाचा रोष, नातेवाइकांचा संशय आणि वर्तमानपत्रातील मथळा एवढेच पडते. भरपाईचा भाग गळून पडतो आणि शिक्षेचा तेवढा उरतो. अशा स्थितीत दुसऱ्या खेपेस व्यवस्थापक गप्प बसला, तर दोष त्याच्या नीतीपेक्षा आपल्या व्यवस्थेचाच अधिक मानावा लागेल.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर चित्र असे दिसते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी झालेल्या २००७ च्या कायद्याच्या १९ व्या कलमात, राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांची सोय असलेला एक तरी वृद्धाश्रम काढावा आणि त्यांतील सेवांचे निकष ठरवावेत, असे सुचवलेले आहे. खासगी वा धर्मादाय वृद्धाश्रमांच्या नोंदणीची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच २०२४ मध्ये त्या लोकसभेबरोबर विरून गेले. दुसरीकडे, २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालू आहे. त्यात उपकेंद्राची आरोग्यसेविका लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकारी निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून माहिती पाठवते. आता हे काम संगणकावर होते. खोकल्यासह ताप ही त्यातील एक ठरलेली नोंद आहे. म्हणजे कागद आहे, रकाना आहे, तो भरणारी बाईही आहे. तथापि वृद्धाश्रम हे स्वतः माहिती पाठवणारे केंद्र नाही. आणि त्यातील माणसे बहुधा त्या गावची नसल्यामुळे गावच्या घरोघरच्या पाहणीतही ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

तालुक्याच्या हातातले काम

ही तुटलेली कडी जोडण्यासाठी संसदेकडे डोळे लावून बसण्याचे प्रयोजन नाही. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, दोन्हीकडे तालुका आरोग्य अधिकारी आणि पंचायत समिती आहे. पहिले काम म्हणजे तालुक्यातील प्रत्येक वृद्धनिवासाची यादी करणे आणि तो कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व उपकेंद्राच्या जबाबदारीत, हे नावानिशी ठरवणे. दुसरे, प्रत्येक दालनाच्या दाराशी एक साधी वही ठेवणे. तीत खाटेचा क्रमांक, सकाळचा ताप, बोटाला लावायच्या यंत्रावरील प्राणवायूचे प्रमाण आणि ‘जेवला की नाही’ एवढेच लिहायचे. तिसरे, ७२ तासांत श्वसनाची लक्षणे असलेले दोन रुग्ण दिसताच, प्रयोगशाळेची वाट न पाहता, वैद्यकीय अधिकाऱ्याला दूरध्वनी करणे. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे, तो आल्यानंतर २४ तासांत पथकाने तेथे जाणे, नमुने घेणे, औषध व मुखपट्ट्या देणे आणि आजारी दालनासाठी वेगळे मनुष्यबळ नेमण्यास साहाय्य करणे. बंद करायचेच तर दालन बंद करावे, गाव नव्हे. आश्रमाचे नाव रोगाच्या आकड्यांबरोबर वर्तमानपत्रांकडे जाऊ नये, हेही त्यातच आले.

रुग्णालयातून आश्रमात परतणाऱ्यांचाही विचार हवा. इंग्लंडमध्ये २०२० च्या साथीत अनेक वृद्धांना चाचणीविना शुश्रूषागृहांत धाडण्यात आले. एप्रिल २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. आपल्याकडे तो वाद न्यायालयात गेलेला नाही, म्हणून धोका नव्हता असे होत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, देणग्यांवर कसाबसा चालणारा आश्रम अशा नोंदींच्या ओझ्याखाली दबून जाईल आणि सरकारी निरीक्षणाला आणखी एक कुरण मिळेल. यात तथ्य आहे. म्हणूनच नोंद एका पानाची आणि खबर एका दूरध्वनीची असावी, आणि खबरीचा उपयोग दंडासाठी न होता मदतीसाठीच व्हावा. दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. साथीच्या नावाखाली भेटी बंद होतील आणि आधीच एकाकी असलेली माणसे अधिकच एकाकी होतील. २०२० मध्ये हे झाले, आणि त्याचे दुःख अनेक कुटुंबे अजून विसरलेली नाहीत. परंतु उशिरा कळलेल्या साथीतच सरसकट बंदी घालावी लागते. दुसऱ्याच रुग्णाला जी ओळखली गेली, ती साथ एका दालनात थोपवता येते आणि उरलेल्या आश्रमाची दारे उघडी राहू शकतात.

शेवटी एक गोष्ट नातेवाइकांनाही सांगितली पाहिजे. महिन्याचे पैसे पाठवून आणि सणाला भेटून येऊन आपली जबाबदारी संपत नाही. आश्रम निवडताना आपण जेवण, बाग आणि हवा यांची चौकशी करतो. येथे दोन माणसे एकदम आजारी पडली तर तुम्ही कोणाला कळवता, हा प्रश्नही व्यवस्थापकाला विचारायला हवा. ज्या दिवशी शहापूर-मुरबाडमधील प्रत्येक व्यवस्थापक या प्रश्नाला न अडखळता एक नाव आणि एक क्रमांक सांगू शकेल, त्या दिवशी या तालुक्यांत कायदा न करताही अर्धे काम झालेले असेल. तोवर मात्र आपली व्यवस्था म्हाताऱ्यांच्या मरणाची नोंद ठेवील आणि त्यांच्या आजाराची चौकशी करणार नाही.